साठीनंतर पाय शाबूत ठेवा

नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेल्या गावांमध्ये सत्तरी ओलांडलेली माणसे मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले वेचताना दिसतात. पावसाळ्यात हीच माणसे चिखलाने भरलेल्या बांधीत रोवणी करतात. याच भागात गोंदिया, तिरोडा, साकोली ही गावे-शहरे आहेत. तिथल्या घरांत नोकरीतून निवृत्त झालेला माणूस बहुधा सकाळी पेपर, दुपारी झोप आणि संध्याकाळी टीव्ही एवढ्यातच दिवस काढतो. दोन-तीन वर्षांत त्याला पायऱ्या जड वाटू लागतात आणि खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागतो.

हा लेख या दोघांसाठी आहे, आणि वाघ पाहायला नागझिऱ्यात येणाऱ्या ज्येष्ठ पाहुण्यांसाठीही. तिघांना सांगायचे एकच आहे. म्हातारपणातले स्वावलंबन मुख्यतः मांड्यांच्या बळावर आणि शरीराच्या तोलावर टिकते. सकाळचा फेरफटका चांगलाच, पण तो एकटा पुरत नाही. बळ आणि तोल ठरवून सांभाळावे लागतात आणि ते कोणत्याही वयात सुरू करता येते.

उशीर झालेला नसतो

तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. स्नायू घटले की तोल जातो, तोल गेला की माणूस पडतो. हाडे ठिसूळ झालेली असली तर एका पडण्यात खुब्याचे हाड मोडते. मग अंथरूण धरावे लागते आणि उरलेले स्नायूही झपाट्याने जातात. ही साखळी स्नायूंपाशीच तोडता येते.

याचा ठोस पुरावा १९९० साली अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये मिळाला. तिथल्या एका शुश्रूषागृहातल्या ८६ ते ९६ वर्षांच्या वृद्धांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला गेला. तो पूर्ण करणाऱ्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि दोघांची काठी सुटली. नव्वदीत हे होत असेल, तर पासष्टीत ‘आता काय उपयोग’ म्हणण्याला आधार उरत नाही.

आपल्या मातीतले उदाहरण मारुती चितमपल्ली यांचे आहे. ५ नोव्हेंबर १९३२ रोजी सोलापुरात जन्मलेल्या चितमपल्लींनी वनखात्यात तीन दशकांहून अधिक काळ नोकरी केली. नवेगावबांध आणि नागझिऱ्याचे जंगल त्यांनी पायी फिरून जाणले. १९९० मध्ये ते निवृत्त झाले, पण लेखन आणि कोशांचे काम पुढे कित्येक वर्षे चालू राहिले. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जून महिन्यात, वयाच्या ९३ व्या वर्षी, ते गेले. एका माणसाच्या दीर्घायुष्यावरून वैद्यकीय निष्कर्ष काढता येत नाही. मात्र निवृत्तीनंतरची तीस-पस्तीस वर्षे हा आयुष्याचा केवढा मोठा भाग असतो आणि त्यासाठी शरीर जपणे किती गरजेचे असते, हे या उदाहरणातून नक्की कळते.

आधी स्वतःला तपासा

सुरुवात करण्यापूर्वी घरच्या घरी दोन चाचण्या करा. शेजारी कोणीतरी उभे असू द्या.

पहिली चाचणी खुर्चीची. हात नसलेली, साधारण सतरा इंच उंच खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. दोन्ही हात छातीवर घडी करून बसा. ३० सेकंदांत पूर्ण उभे राहून पुन्हा बसणे किती वेळा जमते ते मोजा. ६५ ते ६९ वयाच्या पुरुषांना १२ आणि स्त्रियांना ११ वेळा जमायला हवे. ७५ ते ७९ या वयात हे आकडे ११ आणि १० आहेत, तर ८० ते ८४ मध्ये १० आणि ९. यापेक्षा कमी झाले, तर पायांचे बळ घटले आहे आणि पडण्याचा धोका वाढला आहे असे समजा. हाताचा आधार घेतल्याशिवाय उठताच येत नसेल, तर तुमचा व्यायाम तिथूनच सुरू होतो.

दुसरी चाचणी तोलाची. भिंतीजवळ उभे राहा. आधी दोन्ही पावले जुळवून १० सेकंद. मग एक पाऊल अर्धे पुढे ठेवून १० सेकंद. मग एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना टेकवून, एका रेषेत, १० सेकंद. शेवटी एका पायावर १० सेकंद. तिसरी पायरी जमली नाही, तर तोलाच्या व्यायामाला पहिला मान द्या.

हृदयविकार, छातीत दुखणे, पक्षाघात, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, अनियंत्रित रक्तदाब किंवा वारंवार चक्कर येणे यांपैकी काही असेल, तर सुरुवात डॉक्टरांना विचारूनच करा. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखर तपासून घ्या.

चालणे : तलावाची पाळ कामी आणा

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ६५ वर्षांवरील माणसांसाठी मोजमाप दिले आहे : आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल, किमान दोन दिवस स्नायूंच्या बळाचा व्यायाम आणि तीन दिवस तोल व बळ यांचा एकत्रित सराव. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस झपझप चाललात की १५० मिनिटे होतात. अर्धा तास सलग जमत नसेल, तर दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे करा. लाभ तेवढाच मिळतो.

मध्यम श्रम म्हणजे किती, याची सोपी कसोटी आहे. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. बोलतानाही धाप लागली तर वेग कमी करा. आरामात गाता येत असेल तर थोडा वाढवा.

रोज दहा हजार पावले झालीच पाहिजेत, हा धाक मनातून काढा. हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमधल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातून रूढ झाला. २०१९ मध्ये सरासरी ७२ वर्षांच्या १६ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्येही, २,७०० च्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा, मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले आणि ७,५०० च्या पुढे लाभ फारसा वाढला नाही. आज दोन हजार पावले होत असतील, तर पुढच्या महिन्यात तीन हजार करा.

गोंदिया-भंडारा हा तलावांचा मुलूख आहे. माजी मालगुजारी तलाव, म्हणजे आपले मामा तलाव, गावोगावी आहेत. पाळ सपाट आणि रुळलेली असेल, तर चालायला तिच्याइतकी चांगली जागा नाही. तिथे वाहने नसतात, हवा मोकळी असते आणि ओळखीची माणसे भेटतात. बांधीच्या अरुंद, ओल्या धुऱ्यावर मात्र व्यायाम म्हणून चालू नका, तिथे पाय घसरतो. रबरी तळ असलेले, मागे पट्टा असलेले पादत्राण घाला. झिजलेली स्लीपर पडण्याला आमंत्रण देते.

बळ : एक दिवसाआड वीस मिनिटे

यासाठी व्यायामशाळा लागत नाही. एक खुर्ची, एक भिंत आणि तांदळाच्या दोन पिशव्या पुरतात.

१. खुर्चीवरून उठबस : सावकाश उठा आणि त्याहून सावकाश बसा. आठ ते दहा वेळा, मध्ये विश्रांती घेऊन दोन फेऱ्या. सुरुवातीला हाताचा आधार चालेल, हळूहळू तो सोडा.

२. टाचा उचलणे : खुर्चीची पाठ धरून चवड्यांवर उभे राहा, तीन मोजा, खाली या. दहा वेळा.

३. भिंतीवर जोर : भिंतीपासून हातभर दूर उभे राहून तळवे टेकवा, कोपर वाकवून छाती भिंतीकडे न्या, परत या. आठ ते दहा वेळा.

४. पिशव्या उचलणे : दोन्ही हातांत एकेक किलो तांदळाची पिशवी घेऊन कोपरातून वर-खाली करा. सहज होऊ लागले की अर्धा किलो वाढवा.

५. पायरी : घराच्या पहिल्या पायरीवर चढणे-उतरणे, कठडा किंवा भिंत धरून, प्रत्येक पायाने आठ वेळा.

शेवटच्या एक-दोन खेपा थोड्या जड गेल्या पाहिजेत. अजिबात जड न जाणाऱ्या व्यायामाने स्नायू वाढत नाहीत. श्वास मात्र रोखू नका, त्याने रक्तदाब चढतो. जोर लावताना श्वास सोडा.

आपल्याकडे जमिनीवर मांडी घालून बसण्याची सवय आहे. गुडघे परवानगी देत असतील तोवर ती सोडू नका, कारण जमिनीवरून उठणे हा मोठाच व्यायाम आहे. उठण्याची रीतही शिकून ठेवा. आधी कुशीवर वळा, हात आणि गुडघे टेका, जवळच्या खाटेचा किंवा स्टुलाचा आधार घ्या, एक पाऊल पुढे रोवा आणि मग उठा. कधी घरात एकटे असताना पडलात, तर हीच रीत उपयोगी पडेल.

तोल : रोज पाच मिनिटे

ओट्याच्या कडेला किंवा भिंतीला हात टेकता येईल अशा जागी सराव करा. टाचेला बोटे जुळवत एका रेषेत दहा पावले चाला. मग दहा पावले आडवे चाला. नंतर आधार धरून एका पायावर दहा सेकंद उभे राहा आणि पाय बदला. दात घासताना, चहा उकळेपर्यंत हे सहज होते. योगासने करत असाल तर ताडासन आणि भिंतीच्या आधाराने वृक्षासन याच कामाची आहेत.

तोल घराच्या रचनेवरही अवलंबून असतो. न्हाणीघरातली शेवाळलेली फरशी घासून घ्या, शौचालयात हाताला धरायला पक्की दांडी बसवा, रात्री उठण्याच्या वाटेवर दिवा ठेवा. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी झोपेतून उठल्यावर आधी खाटेच्या काठावर मिनिटभर बसावे आणि मग उभे राहावे.

शेतात आणि रानात राबणाऱ्यांसाठी

‘दिवसभर कामच करतो, आम्हाला व्यायाम कशाला’ हा प्रश्न रास्त आहे. रोवणी, कापणी, मोह वेचणे, तेंदूपाने तोडणे यांत श्रम भरपूर होतात. पण ते एकाच दिशेचे असतात. कंबर तासन्तास पुढे वाकलेली राहते आणि मागे क्वचितच जाते. त्यातून पाठ आणि कंबर धरते. म्हणून दर वीस-पंचवीस मिनिटांनी सरळ उभे राहा, कमरेवर हात ठेवा, हळूच मागे झुका आणि खांदे फिरवा. मोह वेचताना कमरेतून वाकण्यापेक्षा जमेल तेव्हा उकिडवे बसा, बसणे-वाकणे आलटून पालटून करा आणि टोपली जवळ ठेवा. ओझे उचलताना ते अंगाशी धरा, गुडघे वाकवून उचला आणि एका जड खेपेऐवजी दोन हलक्या खेपा करा. ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत त्यांनी ओझे घेऊन पुढे वाकणे टाळावे.

दुसरी अडचण हंगामाची. धान घरात आल्यावर कामे कमी होतात आणि शरीर ढिले पडते. मग पुढच्या पावसाळ्यात एकदम रोवणीला उतरल्यावर अंग मोडून येते. रिकाम्या महिन्यांत चालणे आणि वर सांगितलेले पाच व्यायाम चालू ठेवले, तर हा धक्का बसत नाही.

आता एक अत्यंत महत्त्वाची सूचना. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या आजूबाजूच्या गावांत पहाटेच्या अंधारात किंवा संध्याकाळी उशिरा जंगलाच्या कडेने एकटे फिरू नका. मोहाची फुले अस्वलालाही आवडतात आणि तेही पहाटेच झाडाखाली येते. वाकलेला किंवा बसलेला माणूस वाघ-बिबट्याला लहान जनावरासारखा भासू शकतो. नीट उजाडल्यावर, चार-पाच जणांनी मिळून, हातात काठी घेऊन आणि मोठ्याने बोलत जा. ऐकू कमी येत असेल तर सोबत हवीच. व्यायामाचे चालणे गावाच्या आत, शाळेच्या मैदानावर किंवा वस्तीजवळच्या पाळीवर करा.

ऋतू पाहून दिनक्रम

गोंदियाचा उन्हाळा कडक असतो, पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. एप्रिल ते जून चालणे सकाळी आठच्या आत उरका आणि बळाचे व्यायाम घरात करा. म्हातारपणी तहानेची जाणीव मंदावते, म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता घोट-घोट पाणी, ताक किंवा आंब्याचे पन्हे प्या. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे डॉक्टरांनी पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असेल, तर तेच पाळा.

पावसाळ्यात वाटा निसरड्या होतात आणि साप बाहेर पडतात. ओसरीत वीस-वीस मिनिटांच्या फेऱ्या मारा, खुर्चीचे व्यायाम वाढवा.

हिवाळा हा आपला खरा हंगाम. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. पहिला दिवस चितमपल्लींच्या जन्माचा, शेवटचा पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अलींच्या जन्माचा. या आठवड्यात नातवंडांना घेऊन तलावावर जा. पक्षी पाहताना माणूस चालतो, थांबतो, मान वळवतो, पुन्हा चालतो आणि तासभर कसा गेला ते कळत नाही. गोंदिया जिल्हा महाराष्ट्रातल्या सारस पक्ष्यांचे मुख्य ठिकाण आहे. धानाच्या बांधीतली सारसाची जोडी पाहायला दुरून लोक येतात, तुमच्या तर ती घराजवळ आहे.

माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातल्या कचारगडच्या यात्रेला जाणाऱ्यांनी दोन महिने आधीपासून पायऱ्यांचा सराव सुरू करावा. चढापेक्षा उतार गुडघ्यांना जड जातो, म्हणून उतरताना काठी वापरा.

पाहुणे म्हणून येताना

नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य झाले आणि २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्पात आले. इथे जंगल पाहायचे ते जिप्सीतून, मनाला येईल तिथे उतरून पायी फिरता येत नाही. म्हणजे फेरीचे तीन-चार तास बसून आणि धक्के खात जातात. त्याची तयारी महिनाभर आधी करा. जिप्सीत चढायला पाय उंच टाकावा लागतो, त्यासाठी पायरीचा व्यायाम. वळून पाहण्यासाठी खुर्चीत बसून कंबर आणि मान दोन्ही बाजूंना हळू वळवण्याचा सराव.

कंबरदुखी असेल तर मागच्या उंच बाकापेक्षा पुढची जागा मागून घ्या, तिथे धक्के कमी बसतात. पाठीशी छोटी उशी ठेवा. बसल्या-बसल्या दर पंधरा मिनिटांनी घोटे फिरवा, चवडे वर-खाली करा, त्याने पायांत रक्त साचत नाही. लघवीच्या भीतीने पाणी बंद करू नका, निघण्याआधी जाऊन या. डिसेंबर-जानेवारीत उघड्या जिप्सीत पहाटे बोचरी थंडी लागते, म्हणून कानटोपी, हातमोजे आणि कपड्यांचे दोन-तीन थर हवेत. फेरी संपल्यावर लगेच खाटेवर आडवे न होता दहा मिनिटे मुक्कामाच्या आवारात चाला.

दुखत असेल तर

गुडघे झिजले म्हणून बसून राहिलात, तर मांडीचे स्नायू आणखी अशक्त होतात आणि गुडघ्यावरचा भार वाढतो. थोडी दुखरी जाणीव चालेल. व्यायामानंतर वाढलेले दुखणे दोन तासांपेक्षा जास्त टिकले, तर पुढच्या वेळी प्रमाण कमी करा, बंद करू नका. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी लांब चालू नये आणि खिशात साखर किंवा गूळ ठेवावा. घरी आल्यावर तळपाय पाहावेत, जखम जाणवत नसली तरी असू शकते. पूर्व विदर्भात हत्तीपाय असलेले अनेक वृद्ध आहेत. त्यांनी पाय रोज स्वच्छ धुवून कोरडा करावा, बसताना उंचावर ठेवावा आणि घोट्याची हालचाल दिवसातून अनेकदा करावी.

चालताना छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, अचानक धाप, घेरी किंवा एका बाजूची ताकद गेल्यासारखे वाटले, तर तिथेच थांबा आणि लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

ताटात भाताबरोबर काय?

आपले जेवण भातप्रधान आहे. नुसता भात आणि पातळ वरण यांवर स्नायू उभे राहत नाहीत. वृद्धांना वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ५० किलोच्या माणसाला ५० ते ६० ग्रॅम. दोन्ही वेळेला घट्ट डाळ, भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, दही-ताक, आणि चालत असेल तर अंडी व तलावातली मासोळी ताटात असू द्या. दात नसतील तर डाळ घोटून, हरभरे शिजवून, मासोळी काटे काढून द्या. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी हे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

घरच्यांनी काय करावे

‘बाबा, तुम्ही बसा, मी करतो’ हे वाक्य प्रेमाचे असते, पण रोज ऐकले की माणूस बसूनच राहतो. आईला अंगण झाडावेसे वाटत असेल तर झाडू द्या, आजोबांना किराणा आणावासा वाटत असेल तर पिशवी द्या. आपण फक्त वाट निर्धोक करावी. काठीची लाज वाटत असेल तर समजावा, काठी घेऊन फिरणारा माणूस घरात बसलेल्यापेक्षा कितीतरी स्वतंत्र असतो. काठी, चष्मा, श्रवणयंत्र, गुडघ्याचा पट्टा यांसाठी कमी उत्पन्नाच्या ६५ वर्षांवरील नागरिकांना २०२४ च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत एकदाच ३,००० रुपयांचे साहाय्य ठेवले आहे. त्याची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करा. एसटीत ७५ वर्षांवरील नागरिकांना मोफत आणि ६५ ते ७५ वयात अर्ध्या तिकिटात प्रवास करण्याची सवलत आहे. तिचा उपयोग फक्त दवाखान्यासाठी कशाला? मित्राला भेटायला, यात्रेला, तलाव पाहायलाही जा.

पहिला आठवडा अगदी सोपा ठेवा : रोज दहा मिनिटे चालणे, एक दिवसाआड आठ वेळा उठबस, रोज आधार धरून एका पायावर दहा सेकंद. दर आठवड्याला चालण्यात पाच मिनिटे वाढवा. दोन महिन्यांनी खुर्चीची चाचणी पुन्हा करा आणि पहिला आकडा शेजारी लिहून पाहा. गावात चार समवयस्क गोळा करून एक वेळ ठरवली, तर खंड पडत नाही. एखादा आला नाही की बाकीचे त्याच्या दारात जातात.

हा अंक खाली ठेवलात की खुर्चीतून हाताचा आधार न घेता एकदा उठून पाहा. जमले तर आणखी सात वेळा करा. जमले नाही, तर आजपासूनच सुरुवात करा आणि घरातल्या कोणालातरी शेजारी उभे राहायला सांगा.